कौसाबाई 'डिग्निटी'ला शोभत नाही

सरांनी लाल पेनानं माझ्या आईचं नाव खोडलं. माझ्यासमोर. ते माझ्या आईचं नाव आहे, हे त्यांना माहीत नव्हतं.

"डिग्निटीच्या वाक्याला कौसाबाई?" ते म्हणाले. "कसं दिसतं ते? इथं मेधा टाक."

टाईप करणाऱ्या दोघी मुली आणि हिशेब बघणारे काका हसले. सर प्रूफाची पानं उलटत पुढं गेले आणि 'स्वीप' या शब्दाशी थांबले. स्वीप म्हणजे झाडणे. तिथल्या वाक्यात आधी नुसतंच 'ती' होतं. ते खोडून त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात इंग्रजीत लिहिलं, कौसाबाई रोज आमचं ऑफिस झाडते.

"नाव छान आहे. वाया कशाला घालवायचं?"

पुन्हा हशा. हसणारी माणसं वाईट नव्हती. दुपारी त्यांच्या डब्यातली भाजी माझ्या ताटात पडायची. म्हणून तर जास्त लागलं. मी प्रूफ उचललं आणि माझ्या खुर्चीवर जाऊन बसले. अक्षरं दिसत नव्हती.

औरंगपुऱ्यात एका दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस. स्पर्धा परीक्षांची गाईडं काढणारं सरांचं छोटं प्रकाशन. मी इंग्रजीत एम. ए. केलेलं. रोज बिडकीनहून एसटीनं यायचं. काम एकच. शब्दांच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीसाठी सर इंग्रजी शब्द काढून द्यायचे. मी त्याचा उच्चार, मराठी अर्थ आणि त्याखाली एक उदाहरणाचं वाक्य लिहायचं. प्रूफातल्या दुरुस्त्याही मीच टाईप करायच्या. पुस्तकावर नाव सरांचं. वाक्यं माझी. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. शिकलेल्या पोरीला बसून करायचं काम मिळालं, यातच आमच्या घरी दिवाळी होती.

आई बिडकीनजवळच्या एका कंपनीत हाऊसकीपिंगला आहे. शब्द मोठा, हातात झाडूच. तिथं तिला कुणी नावानं हाक मारत नाही. कालचं पोरगंसुद्धा म्हणतं, ओ मावशी, इकडं पाणी सांडलंय. गळ्यातल्या कार्डावर तिचं नाव इंग्रजीत आहे. तिला ते वाचता येत नाही. एकदा कार्ड माझ्यापुढं धरून तिनं विचारलं होतं की यातलं माझं नाव कुठून सुरू होतं. मी बोट ठेवून दाखवलं. त्यावरून तिनं स्वतः बोट फिरवलं.

म्हणून 'डिग्निटी' आला तेव्हा मी तिचं नाव घातलं. डिग्निटी म्हणजे सन्मान, आत्मसन्मान. वाक्य साधं होतं. कौसाबाई आपलं काम सन्मानानं करते. घरी गेल्यावर आईला सांगितलं की तुझं नाव पुस्तकात येणार, इंग्रजीत. तिनं ते कंपनीतल्या सगळ्या बायांना सांगितलं. विहारात सांगितलं. एसटी स्टँडवर भेटणाऱ्या बाया मला विचारायला लागल्या, कधी येतंय गं पुस्तक?

आणि आता मला माझ्याच हातानं तिला डिग्निटीतून काढून झाडूवर बसवायचं होतं.

त्या दिवशी मी जुनी आवृत्ती उघडली. ती मला नवी नव्हती. कॉलेजात असताना हेच पुस्तक घोकून मी इंग्रजी शिकले होते. आज पहिल्यांदा शब्द सोडून नुसती नावं वाचत गेले. कलेक्टर होतो तो आदित्य. बक्षीस मिळवते ती मृणाल. दारू पिऊन पडतो तो कोंडिबा. चोरी करताना सापडतो तो सलीम. निरक्षर असते ती गंगूबाई. हे सगळं मी पाठ केलं होतं. त्यावर मार्क मिळवले होते. माझ्या आजोबाचं नाव कोंडिबा, आणि मला एकदाही खटकलं नव्हतं. स्वतःचीच चीड आली.

मी सरांकडं गेले. सांगितलं की सर, कौसाबाई माझ्या आईचं नाव आहे. डिग्निटीला ठेवायचं नसेल तर राहू द्या, पण झाडण्याला नको. तिनं सगळ्यांना सांगून ठेवलंय. अक्षरशः गयावया केली मी. सरांनी चष्मा काढला. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. आई काय करते, त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

ते हसले. मोकळं, सुटका झाल्यासारखं.

"मग त्यात खोटं काय आहे? झाडतेच ना ती?" आणि मग, अगदी मायेनं, "तुमच्यात ना, लगेच मनाला लावून घेतात."

तुमच्यात. मला तिथं काम करताना एवढे दिवस झाले होते, पण माझी जात कुणी विचारली नव्हती. मला वाटायचं, इथं ती कुणाला दिसतच नाही. त्यांना पहिल्या दिवसापासून दिसत होती. विचारायची गरजच पडली नव्हती.

संध्याकाळी घरी गेले. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं नेहमीप्रमाणं पुस्तकाचं विचारलं. खोटं बोलायचं ठरवून आले होते. जमलं नाही. सगळं सांगितलं.

"मंग झाडतेच की मी," ती म्हणाली. "लाज हाय का त्यात?"

"नाही."

"पर ते दुसरं, सन्मानाचं, ते कुणाला दिलं?"

"मेधाला."

"कोन हाय ती?"

"कुणी नाही, आई. नुसतं नाव आहे."

तिचे हात परातीत थांबले. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिनं उलटली नाही.

"म्हंजी जी बाई नायच, तिला दिलं व्हय?"

त्या रात्री ती जेवली नाही. मला रडू आवरेना. दिवसभर सरांपुढं जे सांगता येत नव्हतं ते तिनं एका वाक्यात सांगितलं होतं. झाडण्यात लाज नव्हतीच. झाडणं आणि सन्मान एका वाक्यात बसत नाहीत, ही खरी शिवी होती. ती पुस्तकात कुठंच छापलेली नव्हती, आणि सगळं पुस्तक तिच्यावर उभं होतं.

सकाळी ऑफिसात गेले. प्रूफ सरांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले की मी हे टाईप करणार नाही. पहिल्यांदा त्यांना ऐकूच आलं नाही. मी पुन्हा तेच म्हणाले. सगळ्यांचे कीबोर्ड थांबले. सरांनी मला नीट समजावलं. छापखाना थांबलाय, उदाहरण म्हणजे उदाहरण असतं, त्याला एवढं काय धरून बसायचं. मी नकाराची मान हलवत राहिले. शेवटी त्यांचा तोल गेला.

"कौसाबाई काय तुझ्या एकटीच्या आईचं नाव आहे?"

"नाही," मी म्हणाले. "म्हणूनच नाही करणार."

त्यांनी प्रूफ शेजारच्या मुलीकडं सरकवलं. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. माझ्या डोळ्यांदेखत तिनं 'कौसाबाई'तली अक्षरं एकेक करून झाडण्याच्या वाक्यात बसवली. मिनिटसुद्धा लागलं नाही. मी पर्स उचलली आणि जिना उतरले. मागून कुणी हाक मारली नाही.

पुस्तक आलं. औरंगपुऱ्याच्या दुकानांत पहिल्या रांगेत मांडलंय. मेधा आपलं काम सन्मानानं करते. कौसाबाई रोज आमचं ऑफिस झाडते. गंगापूरची, पिशोरची पोरं आता ही वाक्यं घोकत असतील, मी घोकली तशीच. घर पुन्हा एकट्या आईच्या पगारावर आलं. कंपनीतल्या बायांनी पुस्तकाचं विचारलं तेव्हा आईनं त्यांना सगळं खरं सांगितलं. कुणी हळहळलं. कुणी म्हणालं, पोरीनं एवढ्यासाठी नोकरी सोडली? आईनं मला अजून तसं विचारलेलं नाही. मीच रोज स्वतःला विचारते. दुपारी घरात एकटी असले की भिंती अंगावर येतात.

परवा शहरात एका इंग्रजी शाळेत मुलाखतीला गेले होते. तिघं समोर बसले होते. सगळं छान चाललं. मग मधल्या बाईंनी इंग्रजीत विचारलं की आधीची नोकरी का सोडली. मनात आलं की घरची अडचण सांगावी. सगळे तेच सांगतात.

मी इंग्रजीतच सांगितलं. माझ्या आईच्या नावापुढचा सन्मान काढून तो अस्तित्वात नसलेल्या एका बाईला दिला, आणि ते मला माझ्या हातानं टाईप करायला सांगितलं. मी नाही म्हणाले.

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. कळवतो म्हणाले. कळवलं नाही.

सोमवारी दुसरीकडं बोलावलंय. तिथंही विचारतील. हेच सांगणार आहे, यातला एक शब्दही न बदलता.