नळ फिरवणारा खलाशी

आमचे हे आजारी, घरी त्यांच्यापाशी मुलगा-सून होते; मी निघोज्याला लेकीकडे गेले होते. दुपारी जावई कंपनीतून अवेळी आले. पाणी दिलं, तर तांब्या हातात धरून नुसते उभे... मी विचारलं, "हे गेले का?" त्यांनी होकाराची मान हलवली. त्याला आता दीड महिना झाला. भेटायला येणारी माणसं येऊन गेली, रडणंही संपलं. आता नुसता शीण उरलाय.

आमचे हे महायुद्धात इंग्रजांच्या फ्रिगेटवर बॉयलरपाशी होते. फ्रिगेट म्हणजे मालाच्या जहाजांची राखण करणारी लढाऊ बोट. विलायतेत बांधलेली, पार ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यापर्यंत हिंडलेली. बासष्ट साली हे पिंपरीत एका कंपनीच्या बॉयलरवर लागले आणि आम्ही चाळीत आलो. "आमचे हे बोट चालवायचे," मी शेजारणींना ऐटीत सांगायची. मला वाटे, हे पांढरी टोपी घालून सुकाणूपाशी उभे राहत असणार! बोटीच्या पोटात, घामाच्या धारांत हे कसे दिसत असतील, ते कधी मनातसुद्धा आलं नाही.

यांची एक खोड होती. शिफ्टवरून आले की घरातला एकूण एक नळ पूर्ण उघडायचा, पूर्ण बंद करायचा. पाणी नसलं तरी. मग मोरीतल्या मोठ्या कॉकला खोबरेलाचं बोट.

"अहो, नळाकडून तालीम करून घेताय की काय? कुस्तीला उतरवायचाय?"

"न फिरवलेला कॉक जाम होतो गं," एवढंच म्हणायचे.

मी चाळभर त्यांची नक्कल करून दाखवायची. बायका हसून लोळायच्या. मोठी शहाणी होते ना मी!

युद्धानंतर ती बोट आपल्या नौदलात आली होती. पुढे तीही म्हातारी झाली आणि मुंबईत मोडायला काढल्याचं कळलं. हे म्हणाले, "एकदा बघून येऊ." "सवतीच्या मयताला मला कशाला नेताय?" म्हणत मी नवं लुगडं नेसून तयार!

बोट अर्धी कापून झाली होती. ओळखीच्या मुकादमानं आत सोडलं. हे न अडखळता खाली उतरले ते थेट एका पितळी चाकापाशी थांबले. वाफेचा व्हॉल्व्ह होता तो.

"बॉम्ब जवळच पडला," ते म्हणाले. "वाफेचा पाइप फुटला. हा बंद करायचा होता. राखणीच्या धामधुमीत कित्येक महिने कुणी फिरवलाच नव्हता. जाम झालेला. मी अक्षरशः लोंबकळलो त्याला... पलीकडे त्या वाफेत दौलत होता, रत्नागिरीचा. हाका मारत होता. मग गप्प झाला... आणि मग फिरला हा."

मी पदरानं ते चाक पुसलं.

वर आल्यावर हे म्हणाले, "बोट वाचली. युद्ध संपेपर्यंत राखण करत राहिली." घरी पोचल्यावर चपलाही न काढता मोरीत गेले. त्यानंतर नक्कल मी कधी केली नाही.

परवा मीच तो मोरीतला कॉक फिरवून पाहिला. जरासा अडला... खोबरेल घेऊन खालीच बसले. सून दारात आली. "आई, पाणी संध्याकाळी येतं."

"ठाऊक आहे गं. तू ये, इथं धर. पूर्ण उघड... हां. आता बंद कर."