वाटलं तरी दाबा

"ऐकू आलं की बटन दाबा. आल्यासारखं वाटलं तरी दाबा. लाजू नका."

धंतोलीतल्या एका कानाच्या दवाखान्यात तपासणीला बसणारे, सगळ्यांचे काका, हे रोज पंधरा-वीस वेळा म्हणत. पहिली दोन वाक्यं सगळीकडेच सांगतात. ‘लाजू नका’ ही त्यांची स्वतःची भर. आपण बहिरे झालो की काय यापेक्षा, चुकीच्या वेळी बटन दाबलं तर समोरचा काय म्हणेल याची माणसाला जास्त काळजी असते, असं त्यांचं मत होतं. तुम्ही कधी त्या काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसला असाल, तर मान्य कराल.

मी डिप्लोमा करून तिथं लागले तेव्हा काकांना तिथं बावीस वर्षं झाली होती. काम कान तपासायचं. माणसाला खोलीत बसवायचं आणि एकेक सूर सोडायचा. त्यानं बटन दाबलं की आवाज दहा डेसिबलने उतरवायचा, नाही दाबलं की पाचाने चढवायचा. असं खालीवर करत माणूस जिथं अडतो, ती त्याच्या कानाची वेस.

"वेस म्हंजे भिंत नाही, बेटा," काका पहिल्याच दिवशी म्हणाले. "दहादा वाजवलं अन् पाचदा ऐकू आलं, ते वेस समजायची. बाकीच्या पाच वेळा तोच कान, तोच सूर, पण नाही येत. काहून नाही येत, ते मले नको विचारू."

मी विचारलं नाही. डिप्लोमातही कुणी सांगितलं नव्हतं.

चाचणी चालू असताना बाहेरचा कूलर बंद, हा त्यांचा नियम. नागपुरात मे महिन्यात कूलर बंद करणारा माणूस किती लोकप्रिय असतो, हे मी वेगळं सांगायला नको. एकदा एक गृहस्थ घाम पुसत भांडायलाच उठले. काका शांतपणे म्हणाले, "पाच मिनिटं, भाऊ. घामाचा आवाज नसते." गृहस्थ बसले. काय उत्तर द्यावं हे त्यांना बहुधा घरी गेल्यावर सुचलं असेल.

सकाळी कोपऱ्यावरच्या ठेल्यावर आम्ही तर्री-पोहे खायचो. तिथंही त्यांचं शिकवणं सुरूच. "साध्या पोह्यावर एक चमचा तर्री टाकली तं जिभेले लगेच समजते. चार चमच्यांवर पाचवा टाकला तं समजत नाही. कान असो, डोळा असो, सगळ्यायचं असंच. किती वाढलं ते नाही समजत, आधी होतं त्याच्या मानानं किती वाढलं ते समजते. अन् रोज थोडं थोडं कमी होत गेलं, तं काहीच समजत नाही." पोहेवाल्याला यात काडीचा रस नव्हता. तो पाचवा चमचा टाकून मोकळा व्हायचा.

बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यातून मागावरचे कामगार वर्षातून एकदा तपासणीला यायचे. काका आधी विचारत, "ड्युटी करून आले का?" हो म्हटलं की त्याला परत पाठवत. "उद्या या. आज तुमच्या कानात कारखाना चालू आहे." कान खराब निघाला तर मागावरून काढून झाडू हातात देतील, अशी या लोकांना भीती. म्हणून ते काचेतून काकांच्या हाताकडे बघत. हात हलला की बटन दाबायचं. काही जण तर आत बसून आकडे मोजायचे, ताल पकडायचे.

काकांचा त्यावर एक उपाय होता. हात हलवायचा, पण सूर सोडायचाच नाही. नुसती शांतता पाठवायची. आतला माणूस विश्वासानं बटन दाबायचा. काका रागवायचे नाहीत. बाहेर येऊन त्याला चहा पाजायचे आणि मशीनकडे पाठ करून बसवायचे.

"खोटं बोलतात हे लोक," मी एकदा म्हणाले.

"खोटं नाही, वं. त्याले ऐकू यायले पाहिजे असते, म्हणून त्याले ऐकू येते."

रोज सकाळी पेशंट यायच्या आधी काका स्वतः हेडफोन लावून सगळे सूर ऐकत. मशीन वर्षातून एकदा कंपनीचा माणूस तपासतो, पण रोजची तपासणी माणसाच्या कानानं करायची असते. त्यांचे कान कुठं अडतात हे ठरलेलं होतं. तिथंच अडले की रजिस्टरमध्ये लिहायचं, ‘मशीन बरोबर आहे.’ बावीस वर्षं त्या दवाखान्याची मोजपट्टी म्हणजे काकांचे दोन कान. डॉक्टरसाहेबही ते पेशंटना अभिमानानं सांगत. काका तेव्हा उगाच खाली बघून पेन शोधायचे.

माझ्या तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये त्यांनी लिहिलं, ‘उजवा हेडफोन. वरचा सूर दहा कमी सोडतो.’

इंजिनिअर आला. त्यानं यंत्रावर यंत्र लावून पाहिलं आणि सगळं ठीक आहे म्हणाला. तो गेल्यावर काका म्हणाले, "दिवसभर कानात मोबाईल खुपसून राहते तो. त्याले काय समजते?" मी ऐकून पाहिलं. मला उजवीकडचा सूर नेहमीच्याच जागी ऐकू आला. तसं सांगितलं, तर म्हणाले, "तुझे कान नवे आहेत, बेटा. नव्या कानाले सगळंच ऐकू येते."

मग त्यांनी आपल्या परीनं मार्ग काढला. मशीन दहा कमी सोडतं, म्हणून ते उजव्या कानाच्या वरच्या सुराच्या आकड्यातून दहा वजा करू लागले. आकडा जितका कमी, तितका कान चांगला. दोन महिने प्रत्येकाच्या रिपोर्टमधून दहा वजा. त्यात बुटीबोरीचे सगळे आले.

मी काय करायला हवं होतं हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनीच शिकवलं होतं, शंका आली की हेडफोन उलटे घालायचे. दोष दुसऱ्या कानात गेला तर हेडफोन खराब. त्याच कानात राहिला तर कान खराब. अर्ध्या मिनिटाचं काम. दोन महिने त्यांनी ते केलं नाही आणि मीही ‘करून बघा’ म्हणाले नाही. भ्याले, दुसरं काय.

मे महिन्यात एका कामगाराची बायको त्याला धरूनच घेऊन आली. रिपोर्ट टेबलावर ठेवून म्हणाली, "या कागदावर यायचा कान चांगला लिहिला आहे. मंग घरी कुकरची शिट्टी काहून नाही ऐकू येत? मी आंघोळीले गेली, हे बाजूले बसून, अन् दोनदा डाळ जळली!"

नवरा म्हणाला, "डाक्टरच्या कागदावर ठीक आहे ना. मी लक्ष नाही देत, एवढंच."

कान ठीक आहे, अशी त्या माणसाची पक्की खात्री झाली होती. खात्री आम्ही लिहून दिली होती. कानात बोळे न घालता तो दोन महिने मागावर उभा होता.

काकांनी कागदावरचा उजव्या कानाचा आकडा बोटानं शोधला. मग मला म्हणाले, "कूलर बंद कर." आणि स्वतः आत जाऊन बसले.

मी डाव्या कानापासून सुरुवात केली. छान होता. उजव्या कानाचे खालचे सूर छान. वरच्या सुराला मी हात हलवला, सूर सोडला नाही. काकांनी बटन दाबलं. पुन्हा हात हलवला, पुन्हा शांतता. पुन्हा दाबलं. माझा हात तिथंच थांबला. काचेतून त्यांनी तो पाहिला.

"काहून थांबली?"

"काका, सूर सोडलाच नव्हता."

त्यांनी हातातल्या बटनाकडे पाहिलं. मग म्हणाले, "मले वाटलं. वाटलं म्हणून दाबलं."

मला रडू आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हेडफोन काढले, उजव्याचा लाल डावीकडे आणि डाव्याचा निळा उजवीकडे घातला, आणि माझ्याकडे पाठ करून बसले. "आता वाजव. खरं वाजव."

मी वाजवलं. त्याच उजव्या कानाला वरचा सूर आला नाही. मी आवाज चढवत गेले. काकांच्या हातात बटन तसंच राहिलं. बाहेर बाई नवऱ्याला पंखा घालत बसली होती.

आपला आलेख त्यांनी स्वतःच काढला, लाल पेनानं. मग डॉक्टरसाहेबांना सगळं सांगून दोन महिन्यांतल्या सगळ्या पेशंटना परत बोलवायला बसले. फोन त्यांनीच केले. सवयीनं उजव्या कानाला लावून. पलीकडे मागावरचे कामगार. "काय म्हणता?" "तुम्ही काय म्हणता?" असं दोन्हीकडून मोठ्यानं चाले आणि शेवटी मला फोन घ्यावा लागे. पण प्रत्येकाला त्यांनी एकच सांगितलं, "चूक माझी. मशीनची नाही."

जून संपेपर्यंत सगळे येऊन गेले. आकडे सगळ्यांचेच दहाने वाढले, पण सात जणांचा ‘चांगला’ कान खराब निघाला. त्या सात जणांना कानात घालायचे बोळे काकांनी स्वतः दिले, कसे घालायचे ते दाखवून. डाळीच्या बाईनं त्यांना डबा आणला होता. काय होतं विचारलं, तर म्हणाले, "डाळ. जळली नाही."

डॉक्टरसाहेबांनी खूप सांगितलं, काका, थांबा, एवढ्याशानं काही बिघडत नाही. ते हो-हो म्हणाले आणि एक तारखेला आले नाहीत. फोन केला तर उचलला नाही. ऐकू आला नसेल, असं मी तरी धरून चालले.

त्याच सकाळी मी रजिस्टर उघडलं. आदल्या दिवशीची नोंद त्यांच्याच अक्षरात होती, ‘मशीन बरोबर आहे. कान बदलला.’ खाली, पुढच्या ओळीत, त्या दिवसाची तारीख त्यांनी आधीच टाकून ठेवली होती. तपासणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव होतं.

मी कूलर बंद केला. हेडफोन लावले. आधी सरळ, मग उलटे.