परक्या फौजेतली सूनबाई

नवऱ्याने दहा वर्षं विचार करून सिंगापूरचं नागरिकत्व घेतलं आणि भारतीय पासपोर्ट परत केला. माझा मात्र भारताचाच राहिला. नागरिकत्वाचा अर्ज मी दोनदा भरायला घेतला आणि दोन्ही वेळा सहीच्या रकान्यापाशी आल्यावर चहा करायला उठले. त्यामुळे एकाच फ्लॅटमध्ये तो सिंगापूरचा नागरिक आणि मी भारताची, इथली नुसती कायमची रहिवासी, पीआर, असा आमचा संसार चालला होता.

माझं ऑफिस क्वीन्सटाउनच्या आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर. टीममधले इथले पुरुष दरवर्षी एकेक करून रिझर्व्हिस्टला, म्हणजे फौजेच्या उजळणीला जात आणि त्यांचं काम माझ्या टेबलावर येऊन पडे. एकदा मी कुरकुरले, तर त्यातला एकजण अगदी शांतपणे म्हणाला, "आम्ही देश राखतो, तू आमच्या ईमेल राख. कुणीतरी काहीतरी राखायला हवं ना." सगळे हसले, मीही हसले. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. पंधरा वर्षं इथलं पाणी पितेय, इथल्या फौजेच्या भरवशावर रात्री दार नुसतं लोटून झोपतेय, आणि बदल्यात काय करतेय, तर ईमेलना उत्तरं.

त्याच सुमारास इथल्या फौजेने स्वयंसेवकांचं पथक काढलं. त्यात बायका चालत, पीआर चालत, पंचेचाळिशीपर्यंतचं वय चालत होतं. मी एक्केचाळीस पुरी केली होती. घरी सांगितल्यावर नवरा म्हणाला, "खरं तर मी जायला हवं." पण त्याची कंबर मोजे घालतानासुद्धा धरायची. शेवटी असं ठरलं, की देशाचा नागरिक घरी राहून भाजी चिरेल आणि परदेशी बाई बंदूक चालवायला शिकेल.

मुलाखतीला एक मेजर होते, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान. त्यांनी माझा पासपोर्ट उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "उद्या तुमचा देश आणि आमचा देश समोरासमोर आले तर?"

नवऱ्याने या प्रश्नाचं एक छान उत्तर माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं. त्यातला एकही शब्द आठवला नाही. मी म्हणाले, "सर, इथे कुणी चाल करून आलं, तर मी उभी राहीन. भारतावर कुणी आलं, तर माझा जीव तिकडे असेल. आणि दोघे एकमेकांवर आले, तर मला खूप रडू येईल. तेव्हा मला स्वयंपाकघरात ठेवा."

"स्वयंपाक चांगला येतो?"

"फारसा नाही."

त्यांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. महिन्याभराने निवड झाल्याचं पत्र आलं.

आता प्रश्न सासऱ्यांचा होता. ते भारतीय फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, साताऱ्याजवळच्या आमच्या गावी राहायचे, आणि नेमके तेव्हाच तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. मुलाने पासपोर्ट परत केला, तेव्हा ते त्याच्याशी चार महिने फोनवर फक्त हवामानाविषयी बोलले होते. आता सुनेची वर्दी सोफ्यावर घडी करून ठेवलेली दिसली. ते तिच्याकडे बघत उभेच राहिले.

"शपथ आहे का यात?" त्यांनी विचारलं.

"आहे. शेवटच्या दिवशी, परेडला."

"शपथ माणूस एकदाच घेतो, सूनबाई."

"बाबा, मी लग्न होऊन तुमच्याकडे आले, तेव्हा माहेर टाकलं का?"

"ते वेगळं. माहेर आणि सासर काय लढाया करतात?"

"आमच्या लग्नात केली की. मानपानावरून. तुम्ही आणि माझे काका मांडवात सव्वा तास एकमेकांकडे पाठ करून बसला होता."

"तू काय केलंस तेव्हा?"

"दोन्ही पंक्तींना जिलबी वाढली."

ते आत जाऊन आंघोळ करून आले. मग माझे बूट हातात घेऊन म्हणाले, "नाड्या चुकीच्या ओवल्यात."

प्रशिक्षण दोन आठवड्यांचं होतं. माझ्या शेजारच्या खाटेवर बेडोकला राहणारी, मूळची जोहोरची एक चिनी बाई होती. तिचा पासपोर्ट मलेशियाचा, आणि जोहोर तर पुलापलीकडेच. मी तिला मेजरांचा प्रश्न विचारला. "मलाही विचारला त्यांनी," ती इथल्यासारखं 'लाह' लावत म्हणाली. "मी सांगितलं, त्या दिवशी मी रजा टाकीन लाह. माझी आई तिकडे, मांजर इकडे." तिचीही निवड झाली होती. त्यावरून मला वाटायला लागलं, की त्या मेजरांना उत्तरापेक्षा तोंड बघायचं असावं.

मधल्या रविवारी मी घरी आले, तेव्हा सासरे कॉरिडॉरमध्ये वाट बघत होते. "कवायत दाखव," म्हणाले. मी दाखवली. त्यांना माझी कीव आली. इथे हुकूम मलय भाषेत असतात. सावधानला 'सेदिया' म्हणतात, हे ऐकून ते म्हणाले, "शब्द काही का असेना, पाय तर वाजला पाहिजे." मग संध्याकाळी दोन तास त्यांनी माझ्याकडून आपली कवायत घोटून घेतली. गुडघा कमरेपर्यंत वर, आणि टाच अशी आपटायची की जमिनीला कळलं पाहिजे. खालच्या मजल्यावरच्या चिनी आजी तक्रार करायला वर आल्या. सासऱ्यांनी त्यांना खुर्ची दिली. भाषा एकमेकांना अजिबात कळत नव्हती, पण थोड्या वेळाने मी चुकले की आजीच आधी मान हलवायला लागल्या.

परेडच्या दिवशी सासरे छातीवर पदकं लावून प्रेक्षकांत बसले होते. आम्ही दीडेकशे जण मैदानात. 'सेदिया' असा हुकूम आला. सगळ्यांचे बूट एकदम आणि बेताने वाजले. त्यानंतर अर्ध्या क्षणाने माझा एकटीचा वाजला, तोफ उडावी तसा. पुढच्या रांगेतली जोहोरवाली दचकली, हे मला तिच्या मानेवरून दिसलं.

शपथ सुरू झाली. सिंगापूरशी निष्ठा राखीन, हे वाक्य आलं तेव्हा माझा आवाज एकदम बारीक झाला. मी ते खोटं म्हणत नव्हते. पण वरच्या खिशात पासपोर्टची दुमडलेली झेरॉक्स होती, ओळख पटवायला आणायला सांगितलेली, आणि त्यावरचे अशोकस्तंभाचे सिंह छातीला टोचताहेत असं वाटलं. डोळे भरून आले. पुसायची परवानगी नव्हती.

परेड सुटल्यावर आमचे मास्टर सार्जंट माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "ते पाय आपटायचं कुणी शिकवलं?"

मी प्रेक्षकांकडे बोट दाखवलं. ते ताडताड तिकडे गेले. पण पदकं दिसताच ते थबकले आणि त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला. सासऱ्यांनीही उठून दिला. मग दोघांनी इंग्रजी, हिंदी, मलय यांची खिचडी करून अर्धा तास गुडघ्यांविषयी चर्चा केली. निवृत्तीनंतर दोन्हीकडच्या सैनिकांचे गुडघे जातात, यावर एकमत झालं.

घरी येताना टॅक्सीत सासरे म्हणाले, "मला वाटलं होतं, शपथ घेताना तू दुसऱ्याची होशील. तू तर तशीच दिसलीस. फक्त रडवेली."

ते गावी परतल्यानंतर माझी पहिली ड्युटी लागली. बेटाच्या पश्चिम टोकाला, तुआसच्या बाजूला, एका कुंपणावर पहारा. भर दुपारी गवतात काहीतरी सरसरलं. मी दरडावून हटकलं, सगळं शिकवल्याप्रमाणे. गवतातून चार फुटी घोरपड निघाली, तिने माझ्याकडे जीभ काढून बघितलं आणि कुंपणाखालून आत गेली.

रविवारी हे मी सासऱ्यांना फोनवर सांगितलं.

"घोरपड?" ते म्हणाले. "मग अडवायची कशाला? ती तर आपल्या बाजूची."

"बाबा, इथली आहे ती. इथेच जन्मली."

"मग तिला तिचं ठरवू दे," ते म्हणाले, आणि साताऱ्याला किती उकडतंय ते सांगायला लागले.