रक्तवाहिन्यांचा माग घेणाऱ्या वाबळे मॅडम

डॉ. शैलजा वाबळे यांना मी प्रथम पाहिलं, तेव्हा त्या भिंगारच्या बाजारातून नुकत्याच परतल्या होत्या. हातात बर्फाचा डबा, आणि डब्यात खाटकाकडून आणलेल्या बकऱ्याच्या धमन्या. नगरच्या महाविद्यालयात त्यांची सहायक म्हणून मी त्या सकाळी रुजू होत होते. नमस्कारासाठी जोडलेल्या माझ्या हातांत चिमटा देऊन त्या म्हणाल्या, "ओळख कामातूनच होईल. या."

धमनीचं बारीक कडं कोमट क्षारद्रावणात ताणून धरायचं आणि ते किती आवळतं ते मोजायचं, हा त्यांचा प्रयोग. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशींत कॅल्शियम शिरलं की स्नायू आवळतो, वाहिनी अरुंद होते, रक्तदाब चढतो. पेशीतलं सोडियम बाहेर टाकणारी यंत्रणा मंदावली, तर कॅल्शियमही आत साठू लागतं. जास्त मीठ खाणाऱ्या काही माणसांत हेच घडत असेल का, हा प्रश्न मॅडमनी कधी सोडला नाही.

माझ्या पहिल्याच वर्षी धमनीची ही कडी द्रावणात कुठलंही औषध न घालताच आवळू लागली. कित्येक महिन्यांचं काम संशयात आलं. "तेवढे आकडे वगळा आणि अहवाल देऊन टाका," असं एका वरिष्ठांनी सुचवलं. मॅडम म्हणाल्या, "दिसलेलं वगळायचं नसतं, सर. ते का दिसलं, हे शोधायचं असतं." एकेक रसायन, एकेक भांडं त्यांनी तपासलं. दोष अखेर पाण्यात सापडला. ऊर्ध्वपातनाचं यंत्र बिघडलं होतं आणि बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम थेट द्रावणात उतरत होतं. मॅडमनी आधीचे सगळे प्रयोग बाद केले. मी रडकुंडीला आले होते. त्या बाह्या सारून भांडी विसळायला उभ्या राहिल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली.

पुढे देवळाली प्रवराला राहणाऱ्या माझ्या आईनं रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर बंद केल्या. माझं ती ऐकेना. हे कळताच मॅडम रविवारी स्वतः आमच्या मळ्यात आल्या.

"मला काय बी हुत न्हाई, मंग गोळी कशापायी?" आईनं विचारलं.

"ताई, उसाला पाणी चालू असताना पाइपवर पाय दिला, तर मोटारीचं काय होतं?"

"लोड येतो की. जळती बी."

"तुमची मोटार छातीत आहे. जळाली तर दुरुस्तीला कुठे नेणार?"

आई हसली. "रोज घ्यायची व्हय?"

"रोज. बरं वाटलं तरीही."

आईनं त्यानंतर गोळी चुकवली नाही. आजही ती मळ्यात फेरी मारते.

निवृत्तीनंतर मॅडम स्वस्थ बसल्या नाहीत. दरवर्षी जामखेड भागातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या बाहेर पडण्याआधी त्या तिथे जातात, दाब तपासतात, हंगामभर पुरतील एवढ्या गोळ्या मिळवून देतात. गेल्या वर्षी त्यांचे गुडघे सुजले होते. आम्ही म्हटलं, "मॅडम, पुढच्या महिन्यात जाऊ."

"टोळ्या निघून गेल्यावर दाब कुणाचा बघू?" एवढंच बोलून त्या गाडीत बसल्या.

मॅडमना पंचाहत्तरावं वर्ष लागलं आहे. त्यांना निरामय, उदंड आयुष्य लाभो, आणि त्यांच्या विश्रांतीबद्दलचं आमचं म्हणणं त्यांनी यंदाही ऐकू नये!