केबिनच्या भिंतीवरचे तुकडे

हरणांच्या गोष्टींचं एक बरं असतं, दर हिवाळ्यात त्या आपोआप साठत जातात. मी आयुष्यात बंदूक धरली नाही, तरी माझ्याकडे ढीगभर आहेत!

चौऱ्याऐंशीचा सुमार. मी पेनसिल्व्हेनियात पंपांच्या एका कारखान्यात इंजिनिअर होतो. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी हरणांच्या शिकारीचा सीझन सुरू व्हायचा आणि कारखान्याला चक्क सुट्टी! आमचं टोळकं आदल्या दिवशीच डोंगरातल्या लाकडी केबिनवर. कॉफीचा थर्मास माझ्याकडे.

*

फोरमन एडला शिंगांचं वेड. खिशात कायम मोजायची टेप. शिकार केलेल्या हरणाचं सगळ्यात मोठं डोकं त्यानं घरी हॉलमध्ये टांगलं, तेव्हा बायकोनं विचारलं, "आपल्या लग्नाचा फोटो कुठं गेला?"

"आहे की, शिंगांच्या मागे!"

*

स्टोअरमधला लू याच्या उलट. "शिंगं शिजत नाहीत," म्हणायचा. त्याची ट्रॉफी म्हणजे फ्रीझरमधलं मटण. एकदा प्रेमानं हरणाचं सॉसेज घेऊन तो आमच्या दारात उभा. माझ्या बायकोनं कसंबसं सांगितलं, "सॉरी, आज सोमवार, आमचा उपवास असतो."

लू मंगळवारी पुन्हा हजर!

*

केबिनचा एक रिवाज होता. ज्याचा नेम चुकेल त्याच्या शर्टाचं मागचं टोक कापायचं आणि नाव लिहून भिंतीवर ठोकायचं. भिंत तुकड्यांनी भरलेली. त्यात एडचा एकही नव्हता, आणि याचा त्याला कोण अभिमान!

*

आमच्या टोळक्यातल्या म्हाताऱ्या वॉल्टची ट्रॉफी म्हणजे त्यातलाच एक निळ्या चौकड्यांचा तुकडा. त्याच्या मुलाचा, बिलीचा. डावं शिंग खाली झुकलेला एक नर नेम चुकून बिलीच्या हातून निसटला होता. पुढच्या उन्हाळ्यात बिली गाडीच्या अपघातात गेला. तेव्हापासून वॉल्ट यायचा तो फक्त ते हरीण जिवंत आहे का, हे बघायला. "ते दिसलं की वाटतं, बिली आत्ता मागे वळून हसेल," म्हणायचा.

*

त्या वर्षी मी एडबरोबर झाडाखाली बसलो होतो. पहाटेचं धुकं, त्यात भुरभुर बर्फ. आपण जागे आहोत की झोपेत, कळेना. आणि त्या पांढऱ्यातून तो आला. डावं शिंग झुकलेलं, पाठीवर बर्फ. एवढी मोठी शिंगं एडनंही कधी पाहिली नव्हती. अंतर जेमतेम वीस पावलं.

एडनं बंदूक उचलली. किती वेळ तशीच धरली, कोण जाणे. मग बार झाला, वरच्या फांदीवरचा बर्फ आमच्या डोक्यावर कोसळला आणि हरीण धुक्यात दिसेनासं झालं.

केबिनच्या दारात वॉल्ट उभा होता. चेहरा उतरलेला. "बार ऐकला. झुकलेल्या शिंगाचा होता?"

एडनं होकारार्थी मान हलवली. शर्ट पँटमधून बाहेर ओढला, कात्री वॉल्टच्या हातात दिली आणि पाठ करून उभा राहिला.

"नेम चुकला," तो म्हणाला. "बिलीच्या शेजारी ठोक."