माईक बंद झाल्यावर बाई काय बोलल्या

गेल्या सोमवारी दुपारी आमच्या टीव्हीचा आवाज गेला... म्हणजे मला तसंच वाटलं.

आमी इचलकरंजीत राहतो. माझ्या सासऱ्यांनी, मामंजींनी, सारी उमर कापडाच्या मागावर काढली. त्या खडखडाटात कान गेले. आता घरीच असत्यात, आणि दिल्लीचं अधिवेशन चालू झालं की टीव्हीपुढनं हलत न्हाईत.

आत्याबाई, म्हणजे सासूबाई, म्हणत्यात, "तुमास्नी काय दिल्लीला बोलावलंय व्हय?" मामंजी त्यांच्या ओठांकडं बघत्यात आणि हसत्यात. माग चालू असताना कुणाचं कुणाला ऐकू येत न्हाय, तिथं सगळी ओठ बघूनच बोलत्यात. ती सवय हाय त्यांना.

"सिरीयलमधली माणसं पाठ करून बोलत्यात," असं त्यांचं म्हणणं. "ही खासदार मंडळी भांडताना तोंड हे एवढं उघडत्यात. समदं कळतंय!"

आता माझं सांगते... माझी आरू दहा महिन्यांची हाय. हसरी हाय, गुबगुबीत हाय. पण मागनं हाक मारली तर वळत न्हाय.

दोन महिने मी हे कुणाला सांगितलं न्हाय. घरात कुणी नसलं की तिच्या मागं बसून ताट वाजवायची. मामंजी असायचे, पण त्यांना काय ऐकू येतंय, म्हणून त्यांच्या पुढ्यात बिनघोर वाजवायची. जोरात वाजवायची... पोरगी आपली खेळतीया.

पोटात असताना सातव्या महिन्यापर्यंत मी सूत गुंडाळायच्या कांडी मशीनवर कामाला जात हुते. आवाज तिथं बी असतोच. म्हणजे माझ्यामुळंच झालं, असं डोक्यात बसलेलं. घरात कळलं तर काय म्हणतील, ह्या भ्यानं जेवण जाईना.

तर सोमवारी आत्याबाई दळणाला गेलत्या. मी आरूला भात भरवत बसलेली. टीव्हीवर एक खासदार बाई बोलायला उठल्या. आमच्या भागातल्या न्हवं. नाव लिहीत न्हाय, खाली कमेंटमधी राजकारण चालू हुतंय.

मराठीत बोलत होत्या म्हणून लक्ष गेलं. म्हणाल्या, मागाच्या गावांतनं आया लेकराला झोळीत टाकून त्या आवाजात काम करत्यात. जन्मलेल्या हर एक लेकराचे कान तालुक्याच्याच दवाखान्यात तपासा. लेकरू वळत न्हाय हे आईला सगळ्यात आधी कळतं, पण ती कुणाला सांगत न्हाय...

आरूचा घास माझ्या हातातच राहिला. त्यांच्या मागं निम्मी बाकं रिकामी. एक साहेब मोबाईल बघत बसलेले. पण बाई अशा बोलत होत्या की जणू माझ्या स्वयंपाकघरात उभ्या हाईत.

मग घंटी वाजली. वेळ संपली म्हणून कुणीतरी सांगितलं, आणि आवाज बंद. बाईंचे ओठ हलत हुते आणि काय बी ऐकू येईना. मी रिमोट घ्यायला उठले, तवा कळलं की तिकडनंच माईक बंद केलाय.

आणि एकदम ध्यानात आलं... आरूला मी अशीच दिसत असणार. रोज तिला झोपवताना गाणं म्हणते मी. ती नुसते ओठ बघत असणार.

मान खाली घातली. डोळ्यातलं पाणी भातात पडायला लागलं.

"पोरी," मामंजी म्हणाले, "बाई पुढं काय म्हणाली, कळलं का तुला?"

मी न्हाय म्हणून मान हलवली.

"म्हणाली, ह्यात आईची काय बी चूक न्हाय. तिनं भ्यायचं न्हाय. उद्याच्या उद्या लेकराला दवाखान्यात न्यायचं. घरातली समदी तिच्या पाठीशी हाईत."

"एवढं सगळं म्हणाल्या?"

"व्हय की! मागावरचा माणूस हाय मी. ओठ वाचायला चुकत न्हाय."

मग मला ऱ्हावलं न्हाय. सगळं सांगितलं, रडत रडत. सांजच्याला ह्यांना आणि आत्याबाईंना मामंजींनीच सांगितलं. आत्याबाई मला एवढंच म्हणाल्या, "येडे, दोन महिनं एकटीनं सोसलंस व्हय गं?"

दुसऱ्या दिवशी सगळी कोल्हापूरला गेलो. आरूला झोपवून डोक्याला वायरी लावल्या. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतंय, लई कमी. डॉक्टर म्हणाले, कशामुळं ते सांगता येत न्हाय, पण लवकर आणलासा हे बरं केलंसा. आता कानाचं मशीन बसवायचं, मग बोलायला शिकवायचं. भ्या अजून हाय... पण आता एकटीला न्हाय.

काल ते भाषण तुम्हाला दाखवावं म्हणून मोबाईलवर शोधलं. सापडलं. घंटी वाजते, माईक बंद होतो, बाई दोन शब्द बोलत असतील नसतील... आणि कॅमेरा तिथनं निघून समोरच्या मोठ्या खुर्चीवर जातो. परत बाईंचं तोंड दिसतच न्हाय.

मी तीन वेळा बघितलं.

मग मामंजींनी एवढं सगळं वाचलं कुठनं?

ताट वाजवताना ते समोर असायचे. ऐकू येत न्हाय त्यांना... दिसतंय की.

मी त्यांना विचारलं न्हाय, विचारणार बी न्हाय. ते फेसबुकवर न्हाईत म्हणून हितं लिहिलं. आत्ता बी आरूला मांडीवर घेऊन बसल्यात, तोंड हे एवढं उघडून तिच्याशी बोलत्यात, आणि ती त्यांच्या ओठांवर बोट ठेवतीया.

खासदार बाई, तुम्ही हे वाचणार न्हाई. पण तुम्ही उठून बोललासा म्हणून माझं तोंड उघडलं. तुमचा माईक बंद केला त्यांनी... तुमचं राहिलेलं भाषण आमच्या घरात पुरं झालं.