मोतिया रंगाची गाडी

नोकरीत चोरीच्या इतक्या गाड्या पाहिल्या की त्यांतल्या बहुतेक आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. पण भिवंडीतली ती मोतिया रंगाची गाडी मिसळत नाही. दुपारी जरा डोळा लागला की ती धुक्यातून हळूच येते आणि समोर उभी राहते. पत्नी म्हणते, तुम्ही झोपेत हसता. त्या वेळी बहुधा तीच गाडी आलेली असते.

दोन हजार सालानंतरची ती वर्षे होती. भातशेतीच्या जागी गोदामे उभी राहत होती आणि गोदामांच्या मालकांच्या दारात गाड्या. शेजारच्या राज्यातल्या डीलरकडून नवी गाडी आणण्याची तेव्हा टूमच निघाली होती. तिकडे कर कमी, बुकिंगची रांग लहान आणि हवा तो रंग लगेच मिळतो, असे जो तो छातीठोकपणे सांगे. गाडी घरी आली की मालक खूश. पण काचेवर तात्पुरत्या नंबराचा कागद, पासिंग बाकी, विकणारा दुसऱ्या राज्यात, अशी ती गाडी गायब झाली की डोके खाजवत बसायचे ते आम्ही.

अशीच एक गाडी वळ गावातल्या एका घरी आली होती. घर जुन्या शेतकऱ्यांचे, आता गोदामवाल्यांचे. कर्ता थोरला भाऊ. त्याला हाच मोतिया रंग हवा होता आणि इकडे त्यासाठी थांबायची त्याची तयारी नव्हती. गाडी आणायला त्याने टेमघरच्या एका चालकाला पाठवले. हा चालक जुन्या मुसलमान घरातला, पन्नाशीचा, मितभाषी. परराज्यातून लोकांच्या नव्या गाड्या आणून देणे हेच त्याचे काम. दुसऱ्याची नवी गाडी तो चपला काढून चालवी. गाडी त्याच्या हाती दिली की लोक निर्धास्त असत, आणि त्या विश्वासावरच त्याचे घर चालत होते.

गाडी आली, बॉनेटवर स्वस्तिक काढले, झेंडूची माळ घातली. अमावास्या टळल्यावर गावदेवीला नेऊन मगच वापरायला काढायची असे ठरले. तोवर ती अंगणात चादर पांघरून उभी राहिली. एके दिवशी सकाळी घरचे उठले तर अंगणात नुसती चादर, नीट घडी करून ठेवलेली.

थोरला भाऊ ठाण्यात आला तो तांबारलेल्या डोळ्यांनी. फिर्याद नोंदवली, इंजिन आणि चॅसिसचे क्रमांक घेतले, बिनतारी संदेश गेले, नाक्यानाक्यांवर नाकाबंदी लागली. मी एका हवालदाराला घेऊन जागेवर गेलो. फाटकाचे कुलूप शाबूत, काचेचा तुकडा नाही, टायर घासल्याची खूण नाही. त्या घडी केलेल्या चादरीकडे मी बराच वेळ पाहत राहिलो. चोराला चादरीची घडी करताना मी तोवर पाहिले नव्हते.

ओटीवर खिडकीपाशी खाटेवर घरची म्हातारी पडून होती. फार थकलेली. तिला धक्का सोसणार नाही म्हणून चोरीचे तिला कळू दिले नव्हते, आणि माझ्या गणवेशाकडे पाहून ती काही विचारेल म्हणून मुलाने मला खुणेने गप्प राहायला सांगितले. तिने काहीच विचारले नाही. ती रस्त्याकडे पाहत होती. सकाळचे धुके अजून विरले नव्हते, गोदामांकडे जाणारे ट्रक त्यात दिवे लावून तरंगत चालले होते, आणि तिच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता की मीही वळून रस्त्याकडे पाहिले.

घरात कोणाशी वैर आहे का, हा आमचा ठरलेला प्रश्न. थोरल्या भावाने मान हलवली. मग म्हणाला, एक बहीण आहे खाडीपलीकडे दिलेली, पण तिचे नाव या घरात घेत नाहीत. जमीन गोदामाला देताना तिने सही करायला आढेवेढे घेतले, तेव्हापासून बोलणे तुटले. यात तिचा हात निघाला तर सख्खी बहीण म्हणून सोडणार नाही, तिलाही आत घ्या, असेही त्याने बजावले. मी ऐकून घेतले. फिर्यादीच्या पहिल्या दिवसाचा राग मी कधी तोळ्यामाशाने मोजत नाही.

परराज्यातल्या डीलरला फोन लावला. असे काही विक्रेते एक किल्ली स्वतःकडे ठेवतात आणि मागाहून गाडी उचलतात, अशी कुजबुज आमच्या खात्यात होती. तो डीलर उलट आमच्यावरच रागावला. दोन्ही किल्ल्या गाडी न्यायला आलेल्या माणसाच्या हातात दिल्या, असे त्याने ठासून सांगितले. थोरल्या भावाला तर एकच किल्ली मिळाली होती, दुसरी कागदांबरोबर येईल अशी त्याची समजूत होती. म्हणजे दुसरी किल्ली राहिली चालकाकडे.

त्याला आणायला माणूस पाठवला, तर तो वळच्या रस्त्यावरच भेटला, त्याच घराकडे चाललेला. ठाण्यात आला, चपला दाराबाहेर काढल्या आणि बाकावर बसला. मी विचारले, दुसरी किल्ली कुठे? तो म्हणाला, ज्याची त्याला दिली. गाडी कोणी नेली? मी नेली. इतक्या सरळ कबुलीने हवालदाराचा हात कागदावरच थांबला. कुठे आहे गाडी, या प्रश्नावर मात्र त्याने मान खाली घातली.

"साहेब, गाडी चोरीला गेलेली नाय. कुठं हाय ते मात्र विचारू नका. मी जबान दिलीय."

मी त्याला समजावले. संध्याकाळपर्यंत तोंड उघडले नाही तर अटक दाखवावी लागेल. उद्या कोर्टात उभा राहिलास की उभ्या भिवंडीत तुझ्या हातात कोणी सायकलसुद्धा देणार नाही. त्याला ते माझ्याहून चांगले ठाऊक होते. तरीही तो बोलला नाही. खोटे बोलणारे खूप बोलतात, हा माझा अनुभव. हा गप्प राहून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होता, आणि मला सारखे वाटत होते की याला स्वतःपेक्षा दुसऱ्याच कशाची तरी घाई आहे.

दुपारी धामणकर नाक्यावरचा आमचा एक खबरी आला. शिंपी होता. सासुरवाडीहून परत येताना खाडीपलीकडच्या गावात त्याने बिननंबरची एक नवीकोरी गाडी पाहिली होती. कुठे लपवली आहे, असे मी विचारले.

"छुपाई कहाँ है साहब, आंगन में खडी है," तो म्हणाला. "बाजूला रांगोळी काढलीय. बायका येऊन बघून जातात."

चोरीच्या मालासमोर रांगोळी. मी टोपी घातली. ओळख पटवायला फिर्यादी लागतो म्हणून हवालदाराबरोबर थोरल्या भावालाही घेतले. गावाचे नाव ऐकताच त्याचा चेहरा उतरला, आणि पुढचा सगळा रस्ता तो खिडकीबाहेर पाहत राहिला.

तो रस्ता मला अजून आठवतो. कापणी झालेली भातखाचरे, मधेच पाणी, पाण्यात बगळे. ऊन कलले होते आणि खाडीवरून पांढरट वाफ येत होती. गावाच्या टोकाला एक कौलारू घर, आणि त्याच्या सारवलेल्या अंगणात ती गाडी. माळ सुकली होती, स्वस्तिक तसेच. तिच्या मोतिया रंगावर सगळे आकाश उतरले होते. आम्ही जीपमधून उतरलो आणि उगाचच हलक्या पावलांनी चालू लागलो.

बहीण दारात उभी होती. पोलीस पाहून ती घाबरली नाही, भाऊ पाहून घाबरली. मी गाडीबद्दल विचारले. तिने जे सांगितले ते असे. नवी गाडी घरी आली त्या दिवशी चालक किल्ल्या द्यायला ओटीवर गेला. म्हातारीने एक किल्ली हातात मागून घेतली आणि मुठीतच ठेवली. नंतर दुपारी, घरात कोणी जागे नसताना, तिने त्याला जवळ बोलावले. लेकीला माहेरी आणायला घरातून कोणी जायचे तर तो मुराळी. घरातून तर कोणी जाणार नव्हते. तेव्हा तिने या परक्या माणसाला मुराळी केले आणि नवी गाडी जोडून दिली. गावदेवीच्याही आधी ही गाडी लेकीला आणायला जाऊ दे, एवढेच तिचे मागणे होते. लेक बसल्याशिवाय गाडी परत आणायची नाही, असे वचन घेतले, आणि ती किल्ली, उशाखालच्या फाटकाच्या जादा किल्लीसह, त्याच्या हातावर ठेवली.

आज पहाटे तो आला. लेकीने आईचा निरोप ऐकून पदर तोंडाला लावला, पण गाडीत बसली नाही. आई बोलावते, पण घर भावाचे. भावाच्या तोंडून शब्द आल्याशिवाय त्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही, असे ती म्हणाली. रिकामा मुराळी परत फिरत नाही. मग या भल्या माणसाने काय करावे? गाडी तिच्या दारात ठेवली, किल्ली तिच्या हातात दिली आणि भावाची समजूत काढायला एसटीने वळ गावाकडे निघाला. वाटेतच आमच्या माणसाने त्याला उचलले. आता तो गप्प का होता ते मला कळले. त्याने गाव सांगितले असते तर गाडी लेकीशिवायच परत आली असती, चोरीचा माल बहिणीच्या दारात सापडला असता, आणि तिलाही आत घ्यायला भाऊ तयारच बसला होता.

मी भावाला म्हटले, गाडी ओळखा. त्याने गाडीकडे पाहिलेच नाही. बहीण पदराचे टोक बोटांना गुंडाळत होती. शेवटी तीच म्हणाली, "आय कशी हाय?"

"खिरकीतनं रस्त्याकडं बगत असते," तो म्हणाला. "मना वाटलं, तिला भास होतात. चल गं. गारीत बस."

ती आत गेली, चार कपडे पिशवीत घालून बाहेर आली आणि बसली. सीटवरचे प्लास्टिकसुद्धा अजून काढलेले नव्हते. नियमाने मुद्देमाल आधी ठाण्यात न्यायचा असतो. मी हवालदाराला गाडी वळ गावावरून घ्यायला सांगितली. तोही शहाणा, त्याने कारण विचारले नाही. भाऊ बहिणीशेजारी बसला. मी मागून जीपमध्ये होतो. संध्याकाळच्या वाफेत ती गाडी पुढे इतकी सावकाश चालली होती की सायकलवाले तिला मागे टाकून जात होते. मागच्या काचेतून मला दोन डोकी दिसत होती, आधी लांब लांब, आणि खाडीचा पूल ओलांडेपर्यंत जवळ आलेली.

वळ गावी पोचलो तेव्हा थोरल्याची बायको भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन गाडीसमोर आली. नवी गाडी सापडली, तिची दृष्ट काढायला हवी. भाऊ खाली उतरला आणि म्हणाला, "गारीचं मंग. आदी तिच्यावरनं ओवाळ." तिने ओवाळले. ओटीवर म्हातारीने लेकीचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, मग विचारले, जेवलीस का. मी ओटीवर चढलोच नाही. खरे सांगायचे तर मला भरून आले होते, आणि गणवेशात रडणे बरे दिसत नाही.

ठाण्यात परतलो तेव्हा दिवे लागले होते. चालक त्याच बाकावर बसला होता. दिवसभर त्याने पाण्याखेरीज काही घेतले नव्हते. भावाने लेखी दिले होते की चोरी झालेली नाही, समजुतीचा घोटाळा होता. त्यावर पुढे कोर्टात 'क' समरी, म्हणजे फिर्याद गैरसमजातून झाली असा अहवाल, गेली आणि मंजूर झाली. पण ते सगळे नंतरचे. त्या क्षणी त्याला यातले काहीच ठाऊक नव्हते. अटकेचा कागद तयार आहे असेच तो धरून चालला होता. मी दारातून आत आलो तसा तो उठून उभा राहिला.

कोठडीच्या दारापर्यंत आलेली माणसे मी खूप पाहिली आहेत. अधिकारी आत येताच प्रत्येकाचा पहिला प्रश्न स्वतःविषयी असतो. जामीन होईल का, घरी कळवले का, पेपरात नाव येईल का. त्यात गैर काही नाही, मीही तेच विचारले असते. माणूस खरा की खोटा हे ओळखायला मी वर्षानुवर्षे पुरावे, जबाब आणि चेहरे वाचत आलो. पण त्या दिवसापासून मी सगळ्यात आधी त्याचा पहिला प्रश्न ऐकू लागलो, आणि त्या प्रश्नाने मला क्वचितच फसवले.

त्या चालकाने मला विचारले, "साहेब, ती आली का?"